अंड्याच्या रकान्यात ‘हो’

२० जानेवारी २०२५, सोमवार. जळगाव

यादीत माझं नाव आहे! रूपल बेदमुथा — युगांडा — तीन महिने!! चाळीस एकर केळी, पूर्ण ठिबक, आणि लेआउट बघणार मी. आठ महिन्यांची ट्रेनी! सर म्हणाले, "वयाने लहान आहे, पण रावेरच्या प्लॉटवर हिचं काम बघून नाव दिलंय." मी फक्त "थँक्यू सर" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन नाचले.

सोबत लोटनभाऊ. धरणगावचे, बोलणं पक्कं अहिराणी, कंपनीतले सगळ्यात जुने फिटर. वय बावन्न, पासपोर्ट पहिलाच. मला म्हणाले, "ताई, युगांडा भुसावळना पुढे शे का?" मला वाटलं खरंच विचारतायत. मी फोनवर नकाशा काढायला लागले, तर हसत निघून गेले.

विमान २४ फेब्रुवारीचं. मेलमध्ये लाल अक्षरात — यलो फीवरची लस आणि तिचं पिवळं कार्ड नसेल तर तिकडे एंट्री नाही. दोघांचं लसीचं सगळं कोण बघणार, असं सरांनी विचारलं. त्यांचं वाक्य संपायच्या आधी माझा हात वर!

ही वही मराठीतच लिहिणार. इंग्रजीत लिहिलं की सगळं ऑफिसच्या मेलसारखं होतं. घरी आम्ही मारवाडी बोलतो, तेही इथे मराठीतच उतरवणार.

२१ जानेवारी

घरी सांगितलं. पप्पांनी दाल मिलमधूनच सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. दादीचा एकच प्रश्न, "तिथे जैन माणूस खातो काय?"

मी म्हटलं, "दादी, तिथे लोक कच्ची केळी वाफवून, कुस्करून जेवतात. रोज."

दादीने आयुष्यात कांदा-बटाटा खाल्लेला नाही. बटाट्याच्या जागी आमच्याकडे कच्चं केळंच असतं. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "बटाट्याच्या जागी केळं? अगं, मग ते आपलेच लोक की!"

मम्मी फुलके लाटत राहिली.

२४ जानेवारी

चार दिवस नुसतं वाचतेय. मला आता कोणीही काहीही विचारा!

एक लस, एकदाच, आयुष्यभर चालते. पण कार्ड लागू होतं दहा दिवसांनी. आज टोचली आणि उद्या विमानात बसले, असं नाही चालत. आणि कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरलाच. आमचं मुंबईचं, दर गुरुवारी. ६ तारखेचा स्लॉट मिळाला, दोघांचाही. ६ हुकली तर १३. १३ हुकली तर संपलं, कारण १३ आणि दहा २३, आणि विमान २४ ला. कार्ड न घेता तिकडून परत आलं तर आपल्याच देशात सहा दिवस वेगळं ठेवतात!

यलो फीवरचा डास दिवसा चावतो. हे कोणालाच माहीत नसतं. लोक रात्री मच्छरदाणी लावतात आणि सकाळी हाफ बाह्यांत फिरतात. मच्छरदाणी हवीच, तिकडे मलेरिया पण आहे. पण दिवसा पूर्ण बाह्या, मोजे, आणि अंगाला डासांचं क्रीम. आधी उन्हाचं, त्यावर डासांचं. उलटं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत क्लास घेतला! चार्ट पेपर, स्केचपेन, सगळं. विद्यार्थी एक, प्रेक्षक अकरा.

"लोटनभाऊ, लसीला घाबरत नाही ना?"

"ताई, मन्ही कातडी पाइपसारखी शे. सुईच वाकी जाई."

"आणि पाणी कुठलं प्यायचं?"

"बंद बाटलीनं. नही ते उकळेल."

"फळ?"

"जे आपला हाते सोलसूत तेच." मग सगळ्यांकडे बघून, "म्हणजे केळं! देवनी पॅक करीसन देयेल शे."

बत्तिशी दाखवून हसले सगळे. मी क्लासमध्ये एकच नियम तीनदा सांगितला. फॉर्ममध्ये काही लपवायचं नाही. बीपी, शुगर, गोळ्या, जुना आजार, काहीही. डॉक्टरला खोटं सांगितलं तर लस तुमचं भलं करायच्या ऐवजी वाईट करेल. लोटनभाऊंनी कान पकडून दाखवले. "तंबाखू पन लिखू का?" — "हो, तंबाखू पण!"

जेवण झाल्यावर त्यांनी मला एक वस्तू दिली. वीतभर पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना टोपणं. कार्ड गुंडाळून आत ठेवायचं, म्हणजे भिजत नाही आणि दुमडत नाही. दोन केलेत, एक त्यांचा, एक माझा. माझ्यावर मार्करने R काढलाय. मला एवढं भारी गिफ्ट कोणी दिलेलं नाही.

२७ जानेवारी

ही लस कोणी घेऊ नये, ते पान आज वाचलं. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ. साठच्या पुढचे, तर आधी डॉक्टरशी नीट बोलून. प्रतिकारशक्ती कमी असलेले.

आणि अंड्याची ॲलर्जी असलेले. कारण ही लस अंड्यात वाढवतात.

मला अंड्याची ॲलर्जी आहे.

२८ जानेवारी

एलकेजीपासून आहे. शाळेच्या आयकार्डवर लाल स्टिकर होतं माझ्या. कोणाचाही वाढदिवस असला की केक सगळ्यांना आणि मला वेगळ्या प्लेटमध्ये वेफर्स. टीचर ओरडायच्या, "नॉट फॉर रूपल!" मला ते आवडायचं पण. वर्गात लाल स्टिकरवाली मी एकटीच होते. कॉलेजच्या मेसमध्येही मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — ॲलर्जी आहे, माझा तवा वेगळा ठेवा.

आणि आठवडाभर मी लसीवर भाषणं देत फिरतेय. चार्टपेपरसकट!

१ फेब्रुवारी

फॉर्म भरला. लोटनभाऊंचा आधी. त्यांनी खरंच तंबाखू लिहायला लावलं.

मग माझा. अंड्याच्या रकान्याशी पेन थांबलं. ‘नाही’ लिहिलं तर कोण बघायला येणार आहे? आजपर्यंत मला काहीच झालेलं नाही. सुई अर्ध्या मिनिटाची, युगांडा तीन महिन्यांचं.

लोटनभाऊ समोरच बसले होते. बोटाने कान पकडून माझ्याकडे बघत. त्यांना काहीच माहीत नव्हतं, गंमत करत होते.

‘हो’ लिहिलं. सही केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार. मुंबई, आणि मग गाडीत

पहाटे उतरलो. सेंटरवर आमच्या आधी चाळीसेक माणसं. खलाशी, व्यापारी, एक नवरा-बायको हनिमूनवाले. एकदा कुपी फोडली की थोड्याच तासांत संपवावी लागते, म्हणून दहा-दहा जणांना एकदम आत बोलावतात. लोटनभाऊंना टोचलं. बाहेर येऊन म्हणाले, "सुई वाकनी नही. कंपनीनी चांगली शे." अर्धा तास बसवलं, मग पिवळं कार्ड हातात. ते त्यांनी गुंडाळून पाइपमध्ये घातलं आणि टोपण लावलं तेव्हा आजूबाजूचे सगळे बघायला लागले. हनिमूनवाल्याने विचारलं, "ये कहाँ मिलता है?" लोटनभाऊंची छाती दोन इंच वर!

माझा नंबर आला. डॉक्टरांनी फॉर्म वाचला.

"अंडं खाल्लं की काय होतं तुम्हाला?"

"माहीत नाही. कधी खाल्लंच नाही."

"मग ॲलर्जी आहे हे कोणी सांगितलं?"

"मम्मीने."

पाठीमागचं कोणीतरी हसलं. डॉक्टर नाही हसले. म्हणाले, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरचं पत्र आणा की ॲलर्जी नाही. किंवा टेस्ट करून रिपोर्ट आणा. त्याशिवाय मी टोचणार नाही. आणि फॉर्म परत देताना — "खरं लिहिलंत ते बरं केलंत." मला रडू येत होतं आणि तरी ते ऐकून बरं वाटलं. किती विचित्र.

परतीच्या गाडीत लोटनभाऊंनी नाशिकला चहा घेऊन दिला. मग डबा उघडून म्हणाले, "ताई, खाई ले. तेरा तारीख शे ना अजून."

७ फेब्रुवारी

मम्मीला विचारलं, लहानपणी मला नक्की काय झालं होतं? म्हणाली, "पुरळ आली असेल. आता कुठे आठवतंय." आणि गच्चीवर कपडे काढायला गेली. कपडे वाळलेले पण नव्हते.

८ फेब्रुवारी, शनिवार

काहीच झालं नव्हतं!! कधीच!!

सकाळी मम्मी माझ्या खोलीत आली, हातात माझी एलकेजीची शाळेची डायरी. पहिल्या पानावर तिचं अक्षर, वळणदार. ॲलर्जी — एग. माझ्याकडे न बघता बोलत होती.

"शाळेतला पहिला वाढदिवस. तुझ्यासमोर केक आला. मी म्हटलं, आम्ही अंडं खात नाही, जैन आहोत. तर बाकीच्या आया म्हणाल्या, अहो मिसेस बेदमुथा, लहान आहे ती, एका तुकड्याने काय होतंय? अंडं कुठे दिसतंय त्यात? मी एकटी आणि त्या सहा जणी. मला धड इंग्रजी येईना. शेवटी म्हटलं, तिला ॲलर्जी आहे. एकदम सगळ्या गप्प! धर्म सांगितला की लोक वाद घालतात रूपल. आजार सांगितला की प्लेट उचलून नेतात."

"एकोणीस वर्षं, मम्मी!"

"मोठी झालीस की सांगणार होते. मग तूच सगळ्यांना सांगायला लागलीस. तवा वेगळा ठेवा म्हणून."

मी जाम भडकले. दार आपटलं. माझं लाल स्टिकर! मुंबईहून हात हलवत आले ते कशासाठी?

अकरा वाजता मम्मी साडी बदलून बाहेर आली. "चल. डॉक्टरकडे." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना भरलेला. प्रमिलाबाई — आमच्याच गल्लीतल्या, ज्यांना एक गोष्ट कळली की अख्ख्या गल्लीला कळते — समोरच्याच बाकावर. मम्मी आत जायची पण थांबली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हिच्या फाइलवर अंड्याची ॲलर्जी मी खोटी लिहायला लावली होती. चूक माझी आहे. हिचं जाणं अडलंय."

माझी मम्मी! जी दुकानात सुटे मागायला लाजते!

डॉक्टर हसले. पाच मिनिटांत पत्र दिलं. येताना रिक्षात मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "प्रमिलाबाईंचं तोंड बघितलंस?" आणि घर येईपर्यंत दोघी हसत होतो.

९ फेब्रुवारी

लोटनभाऊंना फोनवर सगळं सांगितलं. धो धो हसले. "तुन्ही माय भारी शे ताई!" मग म्हणाले,

"पन ताई… तू कधी चाखंच नही ना?"

"नाही."

"मंग नही शे, हाई तरी कसं समजनं?"

१० फेब्रुवारी, सोमवार

तो प्रश्न डोक्यातून जाईना. पत्र आहे. पत्र पुरेसं आहे. पण पत्र कशावरून लिहिलंय? मम्मीच्या सांगण्यावरून. ॲलर्जी आहे हेही मम्मीच्याच सांगण्यावरून होतं! मला अंडं सोसतं की नाही, ते खरं तर अजून कोणालाच माहीत नाही. आणि वर्कशॉपमध्ये नियम कोणी सांगितला होता, तीनदा?

धुळ्याला ॲलर्जीच्या एक मॅडम आहेत. बुधवारची वेळ मिळाली. टेस्ट करायची, रिपोर्ट घ्यायचा, तिथूनच मुंबईची गाडी. गुरुवारी लस. बसतंय सगळं!

सर म्हणाले, "पत्र असताना टेस्ट कशाला?" मी म्हटलं, "सर, लाइन टाकल्यावर पाणी सोडून बघतोच ना आपण? ड्रॉइंग बरोबर आहे म्हणून माती लोटत नाही." सरांनी मान हलवली. मग, "जा." ह्या वाक्यासाठी मी स्वतःलाच शाबासकी दिली.

आता राहिली दादी. मम्मी म्हणत होती, लस अंड्यातली आहे हे तिला सांगूच नको. पण घरात अंड्यावरून एक खोटं पुरे झालं. दादीची सामायिक, म्हणजे रोजची ध्यानाची बैठक, संपेपर्यंत बाहेर बसले. मग सगळं सांगितलं, टेस्टमध्ये हातावर थेंब लावतात ते पण.

दादीने मुहपत्तीची, तोंडावर धरायच्या त्या कापडाची, घडी घातली. "जिभेसाठी घेतेयस का?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस? जिवासाठी घे. आल्यावर तीन आयंबिल कर." आयंबिल म्हणजे दिवसातून एकदा जेवण, तेही तूप-तेल-मसाल्याशिवाय. मी म्हटलं, करेन. "आणि तुझ्या आईला सांग, त्या सहा बायकांना मी असते तर सरळ केलं असतं!"

ह्या घराचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

११ फेब्रुवारी

युगांडाची बॅग आजच भरली. पूर्ण बाह्यांचे शर्ट सात, मोजे नऊ जोड, क्रीम, मच्छरदाणी, दादीचे खाकरे. R चा पाइप पर्समध्ये, रिकामा, उद्या-परवा भरणार! मम्मी म्हणाली, फॉर्ममधला तो ‘हो’ खोडून टाक आणि ‘नाही’ लिही, मला बघवत नाही. मी म्हटलं, उद्या. रिपोर्ट हातात आला की तूच खोड, तुझ्या हाताने.

लोटनभाऊंनी आज माझ्याशिवाय वर्कशॉपमध्ये नवीन मुलांचा क्लास घेतला म्हणे. चार्ट माझाच. "मच्छर दिवसना चावस, ध्यानमा ठेवा रे बठ्ठा!"

१२ फेब्रुवारी, बुधवार. धुळे

हातावर तीन टिपके. एक नुसत्या पाण्यासारखा, एक फुगणारच अशा औषधाचा, हे दोन तुलनेसाठी. तिसरा अंड्याचा. वीस मिनिटांत तिसरा दुसऱ्यापेक्षा मोठा. लाल, टम्म, खाज. मॅडमनी पट्टीने मोजला. दुसऱ्या हातावर परत केला. परत तेच.

म्हणाल्या, ॲलर्जी कधी न खाताही असू शकते. उद्या ही लस नाही.

मम्मी माझ्या हाताकडे बघत होती. "पण मी तर खोटं सांगितलं होतं," मॅडमना म्हणाली. दोनदा म्हणाली.

लोटनभाऊंना फोन केला. ते एकटे जातील. त्यांना सगळं पाठ आहे, मी शिकवलंय.

‘हो’ तसाच आहे. रिपोर्ट गुंडाळून R च्या पाइपमध्ये ठेवला, दोन्ही टोपणं घट्ट लावली.